वळचणीखालच्या पाच फळ्या

कुकड्यांच्या घराला खडकी बाजारात सगळे ‘फळ्यांचा बंगला’ म्हणत. खालचा मजला दगडी, वरचा लाकडी, आणि वरच्या मजल्याला बाहेरून चारी बाजूंनी सागवानी फळ्या आडव्या ठोकलेल्या, वरचीची कड खालचीवर थोडी चढवून, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीला न शिवता खाली ओघळावं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं बांधलेलं हे घर गोपाळकृष्ण कुकड्यांच्या आजोबांनी विकत घेतलं, तेव्हा ते नुसतं घर होतं. आता ते वारसा वास्तू झालं होतं. वारसा वास्तू होणं म्हणजे काय, तर आपल्याच घराला चार खिळे मारायचे झाले तरी आधी अर्ज करायचा आणि मग बसून राहायचं.

पश्चिमेच्या भिंतीच्या फळ्या उन्हापावसानं खलास झाल्या होत्या. त्या बदलायची परवानगी यायला चौदा महिने लागले आणि ती आली ती अटींचं शेपूट घेऊन. लाकूड तेच हवं, फळीच्या कडेचा आकार तोच हवा, आणि नवं लाकूड कापण्याआधी जुन्या फळ्यांचे नमुने वारसा समितीच्या वास्तुविशारदाला दाखवायचे. ते नमुने सांभाळायची जबाबदारी कारागिराची. खाली कारागिराचं नाव टाइप केलेलं होतं, अकबर मिस्त्री, आणि त्यापुढे त्याची सही.

या अकबर मिस्त्रीनं तीस वर्षांत कुकड्यांचं एकूणएक दार-खिडकी हाताखालून काढली होती. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. समितीच्या यादीत त्याचं नाव यंदाच लागलं होतं आणि हे त्याचं यादीतलं पहिलं काम. हे नीट पार पडलं तर छावणीतले आणखी चार-पाच जुने बंगले त्याच्याकडे येणार होते. बिघडलं तर नाव यादीतून जाणार होतं, आणि एकदा गेलेलं नाव परत चढत नाही हे कुकड्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही.

होळीच्या दिवशी दुपारी चारला पाहणी ठरली होती. विजयमालाबाई सकाळपासून तीनदा भिंत बघून आल्या होत्या. भिंत उघडी, तिच्यावर निळं प्लास्टिक, वारा आला की ते फडफडायचं, आणि प्रत्येक फडफडीला त्यांचे यजमान गोपाळकृष्ण म्हणायचे, “जूनपर्यंत असंच ठेवू. पाऊस थेट आत येईल, नळाची गरज नाही.” गोपाळकृष्ण फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तिथे तपासणी विभागात चाळीस वर्षं प्रत्येक वस्तूत खोट शोधायचा पगार घेतला होता. निवृत्तीनंतर तेच काम ते फुकट करत.

साडेआठला चौकातल्या मंडळाची माणसं लाकडं मागायला आली. पुढे सूरज, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, मंडळाचा कर्ता. या घरातून होळीला दरवर्षी पाच लाकडं आणि पाच गोवऱ्या जात. अंगणात एका बाजूला काढलेल्या फळ्यांची रास पडली होती आणि अकबरनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “वहिनी, ही रास बाद आहे. कुणाला द्यायची तर द्या.”

पण विजयमालाबाईंनी त्या राशीवरची एक फळी उचलली तर ती हातात भुसा होऊन आली. वाळवी लागलेली. त्यांच्या माहेरी, बिबवेवाडीला, होळीला किडकं लाकूड देत नसत. घरातलं किडकं होळीला दिलं तर कीड घरातच राहते असं त्यांची आई सांगायची, आणि साठी उलटली तरी आईनं सांगितलेल्या अशा गोष्टी डोक्यातून जात नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मागच्या ओटीवर, कोपऱ्यात, भिंतीला टेकून फळ्या उभ्या होत्या. चांगल्या, कोरड्या, सरळ. बरोबर पाच. त्यांना वाटलं, देवानंच मोजून ठेवल्यात.

“या घे,” त्या सूरजला म्हणाल्या.

“काकू, एवढ्या चांगल्या?”

“होळीला चांगलंच द्यावं,” त्या म्हणाल्या आणि समाधानानं पुरण शिजवायला आत गेल्या.

दहाला अकबर आला. रोजे चालू होते, त्यामुळे चहा विचारायचा नव्हता. तो परांचीवर चढण्याआधी मागच्या ओटीवर गेला आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“वहिनी, ओटीवरच्या पाच फळ्या कुठे हलवल्या?”

विजयमालाबाई पुरणात डाव फिरवत होत्या. “कुठल्या?”

“वळचणीखालच्या. नमुन्याच्या.”

मग त्यानं समजावून सांगितलं, शांतपणे, जसं तो सगळं सांगायचा. भिंतीवरच्या बाकी सगळ्या फळ्यांच्या कडा उन्हापावसानं झिजून सपाट झालेल्या. फक्त छपराच्या वळचणीखाली, सगळ्यात वर होत्या त्या पाचांची कड अजून जशीच्या तशी होती, खाली गोलसर आणि गोलाईच्या वर बारीक खाच. त्या कडेवर धरून रंध्याचं पातं घासायचं, की नवी प्रत्येक फळी जुन्यांसारखी निघते. त्याच आज मॅडमना दाखवायच्या होत्या. म्हणून तर त्या राशीपासून लांब, ओटीवर ठेवल्या होत्या.

“मला नाही माहीत,” विजयमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी हे ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं. पुढचं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात मागून गोपाळकृष्ण चष्मा पुसत आले आणि म्हणाले, “काय हरवलं?” त्या आवाजापुढे विजयमालाबाईंचं वाक्य घशातच राहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी या आवाजापुढे अनेक वाक्यं गिळली होती, पण ती आपल्यापुरती होती. एकदा गॅस चालू राहिला होता, एकदा पासबुक कुकरखाली सापडलं होतं. त्यांचं काय व्हायचं, तर चार दिवस टोमणे.

अकबरनं फळ्या शोधल्या. परांचीखाली, न्हाणीमागे, जिन्यात, बाद राशीच्या तळाशी. विजयमालाबाईही शोधल्यासारखं करत फिरल्या, आणि हे करताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पुरण बुडाला लागलं तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. अजून बारा वाजले नव्हते. अजून सांगता येत होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की चौदा महिन्यांची परवानगी मी होळीत घातली? आणि सांगून तरी काय, होळीत रचलेलं लाकूड परत काढत नाहीत. लहानपणापासून त्यांनी हेच ऐकलं होतं आणि गल्लीतल्या पोरांना हेच सांगितलं होतं. होळीच्या तोंडचं काढून घेणारी बाई, म्हणजे काय म्हणायचं तिला.

“सागवान आहे,” गोपाळकृष्ण खुर्चीत बसून म्हणाले. “सागवानाला पाय फुटतात.”

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“काल संध्याकाळी अकबरभाईंचा टेंपो गेला ना? पत्रे घेऊन?”

“अहो, काहीतरीच काय.”

“मी काही म्हणत नाही. मी फक्त टेंपो गेला एवढंच म्हणतोय.” आणि मग उठून, अंगणात जाऊन, त्यांनी ते अकबरलाही म्हटलं. अगदी आदरानं म्हटलं. “अकबरभाई, काल टेंपोत पत्र्यांबरोबर चुकून काही गेलं नाही ना?”

अकबर वाकून लाकडं बघत होता. तो सरळ उभा राहिला. “माझ्या टेंपोतून चुकून काही जात नाही, साहेब,” तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

विजयमालाबाई दारातून हे ऐकत होत्या. आता हे हरवलेल्या फळ्यांचं राहिलं नव्हतं. तीस वर्षं ज्याच्या भरवशावर त्या दारं उघडी टाकून भाजीला जात, त्या माणसाकडे त्यांच्या घरानं चोर म्हणून बघितलं होतं, आणि ते त्यांच्या एका शब्दानं पुसलं गेलं असतं. त्यांनी तो शब्द काढला नाही. नवरा आत गेला की सांगू, असं म्हणाल्या. नवरा आत आला तर जेवायला बसला. जेवण झाल्यावर सांगू म्हणाल्या. जेवताना ते म्हणाले, “पुरण करपलंय,” आणि तो क्षणही गेला.

दीडच्या सुमारास अकबर नमाजाला गेला. तो परत आला तेव्हा विजयमालाबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर तो आता शोधत नव्हता. परांचीखाली सावलीत पाट ओढून बसला होता. त्यानं एकदा मान वर करून खिडकीकडे पाहिलं. त्यांनी पडदा ओढला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून त्यांनी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तीन वाजले. सव्वातीन. चौकातून ढोलाचा सराव ऐकू यायला लागला.

चारला पाच मिनिटं कमी असताना समितीच्या वास्तुविशारद शेफाली मॅडम आल्या. तिशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. भिंतीचे फोटो काढले, परांची पाहिली, प्लास्टिक उचलून आतली चौकट पाहिली आणि खूश होऊन म्हणाली, “फ्रेम मस्त आहे, काका. आता ते ओरिजिनल पीस बघू या. पाच आहेत ना?”

अकबर पुढे झाला.

“मॅडम,” अकबर म्हणाला, “ते आत्ता माझ्याकडे नाहीत.”

“म्हणजे?”

“सकाळपासून जागेवर नाहीत. सांभाळायची जबाबदारी माझी होती.”

शेफालीचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. “काका, तुम्हाला माहितीये ना याचा अर्थ? प्रोफाइल मॅच करायला दुसरं काहीच नाहीये. मला काम स्टॉप करावं लागेल. आणि रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागतं.” ती टॅबवर काहीतरी टाइप करायला लागली. “‘नमुने कारागिराच्या ताब्यातून गहाळ.’ असं लिहितेय. सॉरी. इथे बोटानं सही करा.”

गोपाळकृष्ण परांचीकडे बघत होते. अकबरनं हात लुंगीला पुसला आणि टॅबकडे बोट नेलं. त्या वेळी त्यानं विजयमालाबाईंकडे पाहिलं, एकदाच, आणि त्या बघण्यात राग नव्हता. तो थांबला होता.

“मी दिल्या,” विजयमालाबाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “मी दिल्या त्या. सकाळी. होळीला. मला सकाळपासून माहितीये.”

आता सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. विजयमालाबाईंना वाटलं होतं की हे बोलून झालं की जमीन दुभंगेल. काहीच झालं नाही. शेफालीनं घड्याळ पाहिलं. “पेटवायची किती वाजता असते?”

“सातला.”

“मग चला ना.”

चौकात होळी रचून झाली होती, माणसापेक्षा उंच, एरंडाच्या फांदीभोवती गोवऱ्या आणि लाकडं, भोवती रांगोळी. फळ्या मधेच दिसत होत्या, जुन्या हिरव्या रंगाच्या, बाकीच्या लाकडांत लगेच ओळखू येणाऱ्या. चौकात पाय ठेवताना विजयमालाबाईंनी मागे पाहिलं. गोपाळकृष्ण होते, शेफाली होती. अकबर रस्त्यापलीकडे, सायकलच्या दुकानापाशीच थांबला होता.

“काकू, होळीत ठेवलेलं काढत नाहीत,” सूरज म्हणाला. “तुम्हीच सांगायच्या आम्हाला.”

“मीच सांगत होते.” आजूबाजूला बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या होत्या आणि त्या सगळ्या ओळखीच्या होत्या. “माझी चूक झाली, सूरज. त्या फळ्या माझ्या नव्हत्या. दुसऱ्याच्या विश्वासावर ठेवलेल्या होत्या. दुसऱ्याची वस्तू होळीला चालते का?”

सूरजनं मान खाजवली. “पूजा व्हायचीय अजून,” तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. “पण भरीला दुसरी लाकडं द्यावी लागतील.”

“वखारीतून आणून देतो,” गोपाळकृष्ण म्हणाले. “चांगली. पावतीसकट.”

पोरं काढायला पुढे झाली, पण विजयमालाबाईंनी त्यांना थांबवलं. रांगोळी ओलांडून, पदर खोचून त्यांनी स्वतः पहिली फळी ओढली. तळहातात लाकडाची सल शिरली. मागून कुणीतरी म्हणालं, “शोभतं का हे या वयात?” ते त्यांनी ऐकलं आणि दुसरी ओढली. पाचवी मधोमध, एरंडाला दोरीनं बांधलेली होती. ती काढायची तर सगळी होळी कोसळली असती.

“चार पुरेत,” शेफाली म्हणाली. “एक जरी असती तरी चाललं असतं.”

पहिली फळी खांद्यावर घेऊन विजयमालाबाई रस्ता ओलांडून सायकलच्या दुकानापाशी गेल्या. अकबरनं ती दोन्ही हातांनी घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, गोलाई शाबूत आहे हे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. त्यांना ते आत्ता कळलं होतं.

“दुपारी नमाजहून येताना दिसल्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“होळीतली लाकडं मी जाऊन मागायची, वहिनी?” तो म्हणाला. साधंच म्हणाला. “आणि साहेबांना सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हटलं, तुम्ही बोलाल. म्हणून थांबलो.”

त्यांना म्हणायचं होतं की मी घाबरले होते, पण तोही दिवसभर घाबरलेलाच असणार हे लक्षात आलं आणि त्यांनी खांद्याला लागलेली धूळ झटकली. बाकीच्या फळ्या पोरांनी आणून दिल्या.

शेफालीनं तिथेच, सायकलच्या दुकानाच्या पायरीवर फळ्या ठेवून फोटो काढले, कडेची मापं घेतली आणि रिपोर्टमधलं ते वाक्य पुसून टाकलं. नव्या वाक्यात नमुने पाहिल्याचं लिहिलं आणि अकबर मिस्त्रीचं नाव जिथे होतं तिथेच राहिलं. घरी येताना गोपाळकृष्ण म्हणाले, “अकबरभाई, मी फक्त विचारलं होतं हो. मनात काही नव्हतं.” अकबर म्हणाला, “हो, साहेब.” विजयमालाबाईंना वाटलं, सुटलो. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

धुळवड झाल्यावर काम सुरू झालं. अकबरनं रंध्याचं पातं घासून त्या कडेला लावून पाहिलं, पुन्हा घासलं, तीन दिवस नुसतं तेच केलं. मग नवी फळी निघाली ती जुनीशेजारी ठेवली तर कुठली कुठली हे सांगता येऊ नये अशी. विजयमालाबाई ओटीवर बसून बघत. तो पूर्वीसारखाच बोलत होता, म्हणजे थोडं. पूर्वीसारखाच वहिनी म्हणत होता.

काम सुरू झालं त्या पहिल्याच संध्याकाळी, साडेपाचला, तो जायला निघाला तेव्हा हत्यारांची पिशवी घेऊन ओटीच्या पायरीशी आला. इतकी वर्षं या घरी काम असलं की त्याची हत्यारं जिन्याखालीच राहत. त्यानं पिशवी पायरीवर ठेवली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

“बघून घ्या, वहिनी.”

“काय हो हे?”

“बघून घेतलेलं बरं.”

“काहीतरीच काय, अकबरभाई. जा तुम्ही, रोजा सोडायची वेळ होतेय.”

तो गेला नाही. पिशवी उघडी धरून उभा राहिला. आवाजात ना राग होता ना टोमणा, आणि तेच विजयमालाबाईंना सहन होईना. टोमण्यांना उत्तर न देता राहायची त्यांना सवय होती. याला काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्या वाकल्या आणि त्यांनी पिशवीत पाहिलं. पटाशा, करवत, हातोडी, फडक्यात गुंडाळलेलं पातं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. तेव्हा त्यानं पिशवी बंद केली आणि सलाम करून गेला.

भिंतीचं काम पाच आठवडे चाललं. गोपाळकृष्ण साडेपाच वाजत आले की सकाळी वाचलेला पेपर पुन्हा वाचायला आत जात. रमजान संपला, ईदला अकबरनं डबा भरून शीरखुर्मा पाठवला, चौकातून जाणारी माणसं मान वर करून नवी भिंत बघायला लागली आणि समितीनं तिचा फोटो कुठेतरी छापला. छावणीतल्या दुसऱ्या बंगल्याचं काम त्याला मिळालं, हे त्यानंच सांगितलं. शेवटच्या दिवशी परांची उतरवून झाली, अंगण झाडून झालं, आणि साडेपाचला तो पायरीशी आला.

विजयमालाबाई आधीच तिथे उभ्या होत्या. त्यानं पिशवी उघडून धरली, आणि त्यांनी वाकून, रोजच्यासारखं, तळापर्यंत पाहिलं.